दंडाकडे बघणाऱ्या सिस्टर

शाळेतली मुलं त्यांना पाठीमागे ‘टोचबाई’ म्हणत. समोर आल्यावर काहीच म्हणत नसत, कारण समोर येईपर्यंत त्यांची पाचावर धारण बसलेली असे. मोठी माणसं त्यांना सिस्टर म्हणत. घरी नवरा ‘अगं’ म्हणे. त्यांचं खरं नाव शाळेच्या हजेरीपत्रकात होतं आणि तिथेच सुखाने राहत होतं.

सिस्टरची खोली तळमजल्यावर, जिन्याच्या खाली. आत एक खाट, एक वजनकाटा, लस ठेवायचा छोटा फ्रीज आणि भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता. तक्त्याची शेवटची ओळ अख्ख्या शाळेला पाठ होती, त्यामुळे या शाळेत कोणाचेच डोळे अधू नव्हते. शेवटी सिस्टरनी तक्ता उलटा टांगला, तेव्हा कुठे सहा-सात जणांना चष्मे लागले. फ्रीजवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘यात फक्त लस’. खेळाच्या सरांनी एकदा त्यात पाण्याची बाटली ठेवली होती. त्यानंतर ते बरेच दिवस जिन्याकडून जायचंच टाळत होते.

सहावीतून सातवीत जाणं म्हणजे नुसतं पास होणं नव्हे. डोळे, दात, कान, वजन, उंची, सगळं तपासून घ्यायचं आणि धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचा बूस्टर डोस घ्यायचा. लहानपणी घेतलेल्या लसीचा जोर या वयापर्यंत ओसरतो, म्हणून तो पुन्हा द्यायचा. ठरलेल्या सोमवारपर्यंत ज्याचा दाखला नाही त्याने घरी बसायचं, असा वरच्या ऑफिसचा हुकूम होता. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तो हुकूम दर वर्षी प्रार्थनेनंतर वाचून दाखवत, आणि मग पंधरवडाभर सिस्टरच्या नाकी नऊ येत. कोणाच्या आईला वाटे की मुलगा अजून अशक्त आहे. कोणाचे वडील म्हणत, आम्ही कुठे घेतली होती, आम्ही मेलो का? एका मुलाने तर आपल्याला सुईची ॲलर्जी असल्याची चिठ्ठी आणली होती. खाली सही वडिलांची आणि अक्षर त्याचंच.

सिस्टर या सगळ्यांना पुरून उरत. हात त्यांचा हलका होता. ‘सैल सोड’ म्हणायच्या, कापसाचा गारवा लागायचा, आणि मूल डोळे मिटून वाट बघत असतानाच त्या म्हणायच्या, ‘ऊठ, झालं.’ पण एक गोष्ट होती. सिस्टर सुई देताना मुलाच्या चेहऱ्याकडे बघत नसत. देण्याआधी नाही आणि दिल्यानंतरही नाही. खुर्चीत येऊन बसला तो दंड, आणि उठून गेला तोही दंडच. दंड मात्र त्या विसरत नसत. कोणाच्या दंडावर तीळ आहे, कोणाला देवीच्या जुन्या वणासारखा डाग आहे, कोणाला सायकलवरून पडल्याचं खरचटलंय, सगळं ध्यानात असे.

याला कारण होतं. दवाखान्यात अगदी नव्या असताना त्यांनी एका छोट्या मुलाला सुई देता देता वर बघितलं होतं. पोरगं ओठ घट्ट दाबून त्यांच्याकडेच बघत होतं, आणि त्याचा त्यांच्यावर एवढा विश्वास होता की सिस्टरचा हात मध्येच थांबला. सुई वाकडी गेली, पुन्हा टोचावं लागलं, पोराने टाहो फोडला, आणि सिस्टर औषधांच्या खोलीत जाऊन त्याच्यापेक्षा जास्त रडल्या. तिथल्या वयस्क नर्सबाई म्हणाल्या, ‘तोंडाकडे बघायचं नाही ग पोरी. तोंडाकडे बघितलंस की हात कापणार. दंडाकडे बघ.’ सिस्टरनी कानाला खडा लावला. तो इतका पक्का लावला की पुढे सवय झाली, आणि सवयीचा हळूहळू स्वभाव झाला.

त्यांचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. पत्र्याने हात कापला म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला तो एकदा दवाखान्यात गेला, तिथेच दोघांची ओळख झाली. तो अजूनही आल्या-गेल्याला सांगे, ‘हिने आधी माझा दंड पसंत केला. तोंड बघितलं तोवर फार उशीर झाला होता.’ सिस्टर म्हणत, ‘तोंड आधी बघितलं असतं तर कशाला फसले असते?’ आणि दोघं हसत.

त्या वर्षी लस द्यायचा दिवस सोमवारच्या आधीचा शुक्रवार ठरला. शाळेच्या सभागृहात एक पडदा लावला. दाराशी टेबल टाकून कारकून बसला. तो शाळेत नवा होता, मुलांना ओळखत नव्हता, कार्ड बघून यादीत खूण करायचा आणि ‘पुढे’ म्हणायचा. पडद्यामागे सिस्टर. लस घेतलेल्या मुलांनी थोडा वेळ व्हरांड्यातल्या बाकांवर बसायचं आणि मग वर्गात जायचं. सगळं शिस्तीत चाललं होतं. रांग संपत आली तेव्हा खुर्चीत एक दंड येऊन बसला आणि म्हणाला, ‘उजव्या हातावर द्या.’

‘का ग? लिहितेस ना उजव्या हाताने? दुखेल.’

‘डाव्यावर खरचटलंय.’

सिस्टरनी कार्ड बघितलं. शिंप्याची मुलगी. त्यांनी उजव्या दंडावर कापूस फिरवला. कोपराच्या वर ठसठशीत तीळ होता. ‘सैल सोड,’ त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या क्षणाला, ‘ऊठ, झालं.’ मग त्यांनी कार्डावर सही केली.

संध्याकाळी मोठ्या बाईंनी वरच्या ऑफिसला कळवून टाकलं की आमची सातवी पूर्ण झाली, एकही मूल राहिलं नाही. सिस्टरना चहा पाजला. बिस्किटंही आली, आणि ती एरवी फक्त तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी असत.

दुसऱ्या दिवशी शनिवार, अर्धा दिवस शाळा. खेळाचे सर बिचकत बिचकत जिन्याखाली आले. त्यांच्यासोबत सातवीतली एक मुलगी होती. भिंतीवर, झाडावर, खिडकीच्या गजांवर, जिथे तिने असू नये तिथे ती असायची, म्हणून सगळी शाळा तिला खारूताई म्हणे. आज खारूताईचे दोन्ही हात खाली लोंबत होते आणि गाल लालबुंद होते.

‘हात वर करा म्हटलं तर हिचा एकही वर होत नाही,’ सर म्हणाले. ‘काल सुई एकाच हातावर दिलीत ना?’

सिस्टरनी तिला खाटेवर बसवलं. काखेत थर्मामीटर ठेवलं. ताप होता. डावी बाही वर केली, दंड सुजला होता, गरम लागत होता. असं होतं कधीकधी. मग त्यांनी उजवी बाही वर केली. तिथेही तशीच सूज, तसाच गरम गोळा. आणि कोपराच्या वर ठसठशीत तीळ.

काल उजवा हात मागणारी एकच मुलगी होती, आणि तो तीळवाला दंड आला होता शिंप्याच्या मुलीचं कार्ड घेऊन.

‘सर, तुम्ही जा,’ त्या म्हणाल्या. सर गेल्यावर त्यांनी खाटेशेजारी खुर्ची ओढली. ‘दोनदा आलीस ना काल?’

खारूताई उलट्या टांगलेल्या तक्त्याकडे बघत राहिली. ‘झोपेत हातावर पडले.’

‘बरोब्बर सुईच्या जागेवर?’

‘हो.’

‘मैत्रिणीचं नाव घ्यायचं नाहीये तुला, कळलं मला. नको घेऊस. पण किती वेळा टोचलं एवढं खरं सांग. मला डॉक्टरांना विचारायचंय.’

‘दोनदा,’ खारूताई म्हणाली, आणि मग एकदम भरभर बोलत सुटली. ‘ती खूप घाबरते हो सिस्टर. रात्रभर झोपली नव्हती. मला काही होत नाही सुईने. मग मी म्हटलं, तुझंपण मीच घेते. मागच्या दाराने जाऊन परत रांगेत लागले. लस तर वाया नाही गेली ना?’

सिस्टरना हसावं की कपाळाला हात लावावा ते कळेना. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही. हात दुखतील, ताप येईल, दोन-तीन दिवसांत उतरेल. गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, लक्ष ठेवा, घरच्यांना कळवा. सिस्टरच्या जिवात जीव आला. खारूताईच्या आईला त्यांनी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. आई आधी ओरडली, मग म्हणाली, ‘आमचीच कार्टी.’

आता राहिली शिंप्याची मुलगी. ती वर्गात बसली होती. कार्डावर सिस्टरची सही होती आणि अंगात लसीचा थेंब नव्हता. सिस्टरच्या मनात आलंच, कसं नाही येणार? मधल्या सुट्टीत तिला हळूच बोलवावं, सुई द्यावी, विषय संपला. कोणाला पत्ताही लागणार नाही. इतक्या वर्षांत आपल्या कामावर कोणी बोट ठेवलं नाही, आता निवृत्तीच्या तोंडावर कशाला? त्या दारापर्यंत गेल्यासुद्धा. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पोरगी सुईला इतकी घाबरते की दुसरीचा हात पुढे करते, तिला कोपऱ्यात गाठून टोचायचं, ते आपली चूक झाकायला? त्या वळल्या आणि मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकलं. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि घालायचं विसरल्या. ‘अहो सिस्टर, मी कालच कळवलंय वर. आता काय सांगू?’

‘झालं ते सांगा. चूक माझी आहे. मी तोंड बघितलं नाही.’

‘तोंड कसं नाही बघितलं? माणूस तोंड बघतोच.’

‘मी नाही बघत.’

मोठ्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांनी वर फोन केला, खूप वेळ ‘हो साहेब, हो साहेब’ केलं, आणि मग सांगितलं की मुलीने लस घेईपर्यंत घरी बसायचं, नियम म्हणजे नियम. शिवाय पुढच्या वर्षापासून सिस्टरच्या शेजारी दुसरी एक नर्स उभी राहील. शेवटचं वाक्य त्यांनी खिडकीकडे बघत उच्चारलं. सिस्टरना ते झोंबलं, पण त्यात खोटं काही नव्हतं.

शिंप्याची मुलगी दप्तर घेऊन घरी गेली. सोमवारी आली नाही. मंगळवारीही आली नाही. बुधवारी शिपाई निरोप घेऊन आला की शिंपीदादा म्हणतायत, पोरीचं नाव काढून टाका, ती दुकानात काम शिकेल.

सिस्टर संध्याकाळी थेट दुकानात गेल्या. दुकान रस्त्यालगतच होतं, अरुंद, दोन मशीनं मावतील एवढंच. शिंपीदादा तोंडात टाचण्या धरून कोणाच्या तरी कोटाची मापं घेत होते. दिवसभर सुईशी खेळणारा माणूस, आणि त्याची मुलगी सुईचं नाव काढलं की पांढरी पडते. मुलगी आत स्टुलावर बसून बटणं लावत होती. तिच्या बोटांत सुई सर्रकन जात-येत होती.

‘बसा सिस्टर,’ शिंपीदादांनी टाचण्या काढून ठेवल्या. ‘तुम्ही कशाला आलात ते माहितीये मला. पण जबरदस्ती नाही करणार मी. नकोच म्हणते ती. माझाही शाळेत जीव नव्हता, काय बिघडलं?’

‘तुमचा नव्हता. हिचा आहे. वर्गात पहिल्या पाचात असते.’

‘असेल. पण दोन दिवस जेवली नाहीये ती. मला बघवत नाही.’

माणूस चांगला होता, आणि तिथेच सगळं अडलं होतं. वाईट असता तर सिस्टर भांडल्या असत्या. त्या स्टुलाजवळ गेल्या. ‘काय ग, सुईच तर आहे. तीच सुई हातात धरून बसलीयेस.’

मुलगी बटणाकडे बघत म्हणाली, ‘सुईचं काही नाही.’

‘मग?’

‘मला गरगरतं. मागे एकदा दवाखान्यात रक्त काढलं तेव्हा मी पडले होते. टेबलाचा कोपरा लागला इथे.’ तिने केस बाजूला केले. कानामागे टाक्यांची पुसट रेघ होती. ‘आणि तुम्ही बघतच नाही कोणाकडे. सगळी मुलं म्हणतात. पडद्यामागे तुम्ही आणि मी दोघीच. मी पडले तर तुम्हाला कळलंच नसतं. तुम्ही म्हणाला असता, ऊठ, झालं.’

शिंपीदादा म्हणाले, ‘असं नाही बोलायचं मोठ्या माणसांना.’ पण सिस्टरना राग आलाच नव्हता. मुलांना कमी दुखावं म्हणून जे इतकी वर्षं केलं, ते मुलांना असं दिसत होतं! कार्डावर गरगरल्याची नोंद नव्हती, हे खरं. पण त्यांनी कुठल्याच मुलाला कधी विचारलंही नव्हतं, तुला काय होतं म्हणून. विचारायचं तर तोंडाकडे बघावं लागतं.

‘मी बघेन,’ त्या म्हणाल्या. ‘खाटेवर झोपवून देते. पडायचा प्रश्नच नाही. आणि बघेन तुझ्याकडे.’

‘सगळा वेळ?’

‘सुई टोचताना क्षणभर दंडाकडे बघावं लागेल. बाकी सगळा वेळ.’

मुलीने दोरा तोडला. पुढचं बटण उचललं. शिंपीदादा सिस्टरना सोडायला रस्त्यापर्यंत आले आणि म्हणाले, ‘आली तर आली. मी काही बोलणार नाही.’

त्या रात्री जेवताना सिस्टरनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो नेहमीसारखी थट्टा करेल असं त्यांना वाटलं. तो म्हणाला, ‘आणि तुझा हात कापला तर?’

‘तीच भीती वाटतेय.’

‘कापू दे थोडा,’ तो म्हणाला, आणि त्याने त्यांच्या ताटात अजून भात वाढला.

सकाळी शाळा भरली. सिस्टरनी खाटेवरची चादर दोनदा नीट केली. तास सुरू झाला तरी कोणी आलं नाही. आता पोरगी येत नाही, शाळेतून गेलीच ती, आणि गेली आपल्यापायी, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले. तेवढ्यात दारात शिंपीदादा उभे राहिले आणि त्यांच्या मागे मुलगी.

ती खाटेवर आडवी झाली. शिंपीदादा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, त्यांना बघवणार नव्हतं. सिस्टरनी लस भरली, बाही वर केली, कापूस फिरवला आणि मान वर केली. समोर चेहरा होता. हनुवटी टोकदार, एक भुवई मध्येच तुटलेली, आणि डोळे त्यांच्यावर रोखलेले. सिस्टरचा हात कापायला लागला.

‘तुमचा हात कापतोय,’ मुलगी म्हणाली.

‘हो.’

‘मग?’

‘मग काय, थांबू थोडं. घाई कुठे आहे?’

दोघी थांबल्या. बाहेर कुठल्यातरी वर्गात पाढे चालू होते. सिस्टरनी नजर हटवली नाही. हळूहळू हात शांत झाला. मुलगी म्हणाली, ‘आता द्या,’ आणि सिस्टरनी सुई दिली. कापूस दाबून धरला, आणि पुन्हा वर बघितलं. या खेपेला ‘ऊठ, झालं’ म्हणाल्या नाहीत.

‘संपलं?’ मुलीला हसूच आलं. ‘एवढंच?’ आणि सिस्टरनी थांबवायच्या आत ती आनंदाने उठून बसली, पाय खाली सोडले आणि उभी राहिली.

सिस्टर बघतच होत्या. म्हणून त्यांना दिसलं की हसता हसता तिच्या ओठांचा रंग गेला, कपाळावर घाम फुटला, डोळे कुठेच बघेनासे झाले. त्यांनी हातातला ट्रे तसाच सोडून दिला आणि तिला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. ट्रे खणखणत खाली पडला. शिंपीदादा ओरडत वळले. तोवर सिस्टरनी तिला अलगद खाटेवर टेकवलं होतं आणि पायांखाली उशी सारली होती.

‘काही नाही दादा, चक्कर आहे, येईल आत्ता शुद्धीवर,’ त्या म्हणाल्या, पण डोळे मुलीवरच होते.

थोड्या वेळाने ओठांवर रंग परत आला. मुलीने डोळे उघडले. तिने छताकडे बघितलं, बापाकडे बघितलं, मग सिस्टरकडे.

‘मी पडले का?’

‘नाही. पडायच्या आत धरलं.’

मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ‘म्हणजे तुम्ही खरंच बघत होतात,’ ती म्हणाली.

सिस्टरनी मान डोलावली आणि तिचे घामाने चिकटलेले केस कपाळावरून मागे सारले.